एका अर्जासाठी पाच हेलपाटे, आणि डूलाताईंनी घरी येऊन शिकवलेलं बाळंतपण

बाळ चार महिन्यांचं झालं, तरी त्या काउंटरची आठवण आली की माझं डोकं अजून तापतं. ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांना आधी तेच सांगते. हॉस्पिटलला कुठलाही अर्ज दिलात तर त्याची पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. तोंडी 'हो' म्हणाले म्हणून घरी येऊ नका.

डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी, त्याचं शिक्षण घेतलेली बाई. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही. डोहाळजेवण झाल्यावर ताई आमच्याकडे इंदिरानगरला यायला लागल्या. एकेक भेट दीड-दोन तासांची. पहिल्याच दिवशी त्यांनी फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घातला, फुगा फुगवला आणि तोंड खाली धरून माझ्या हातात दिला. "बाजूंनी दाब." काहीच झालं नाही. "या खोट्या कळा. चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की ओसरतात. आता वरून दाब, सोड, परत दाब." आधी फुग्याची मान आखूड होत गेली, मग हळूहळू उघडली आणि चेंडू बाहेर आला. पहिलटकरणीला इतके तास का लागतात ते मला तेव्हा समजलं. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ फार लांबू शकतो आणि तासाला १ सेंटिमीटर हा हिशोब प्रत्येकीला लागू होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलंय. नऊ महिने तपासणीला जात होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत ताई म्हणाल्या, "लेबर रूममध्ये सोबत कोण येणार, ते आत्ताच विचारून घे." तिथून हेलपाटे सुरू झाले.

पहिल्यांदा काउंटरवर उत्तर मिळालं, "बाहेरचं माणूस चालत नाही." मिस्टर? "जेंट्स नाही." सासूबाई? "मॅडमना विचारा." दुसऱ्या खेपेला मॅडम ओपीडीच्या गर्दीत म्हणाल्या, माझी हरकत नाही, मेट्रनना म्हणजे मुख्य सिस्टरना भेटा. तिसऱ्या खेपेला मेट्रनची सुट्टी होती, आणि ते मला तासभर बाकावर बसवून ठेवल्यावर सांगितलं. पस्तिसावा आठवडा, पाय सुजलेले. चौथ्या खेपेला मेट्रन भेटल्या, लेखी द्या म्हणाल्या. तिथेच कागद मागून लिहून दिलं. पोच घेतली नाही, ही माझी चूक.

पुढच्या आठवड्यात गेले तर अर्ज सापडत नव्हता. "तुम्ही नक्की दिला होता का?" असं विचारल्यावर मी काउंटरसमोर उभ्या उभ्या रडले. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाई ठेवायला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. आणि इथे एवढी फी भरून मी भीक मागितल्यासारखी उभी होते. ताईंनी फोनवरच मुद्दे सांगितले आणि मी अर्ज पुन्हा लिहिला. सलग कोणी सोबत असेल तर सिझरचं प्रमाण कमी होतं आणि कळांचा काळही थोडा घटतो, असं २६ अभ्यासांच्या, १५ हजारांहून जास्त बायकांच्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या आढाव्यात २०१७ मध्ये दिसलं होतं. तेही त्यात लिहिलं. शिक्का मिळेपर्यंत हलले नाही. दोन दिवसांनी निर्णय आला. घरची एकच बाई, डूला नाही.

मला वाटलं, सगळं वाया गेलं. ताई म्हणाल्या, "मग आईंना तयार करू."

उरलेल्या दोन्ही भेटी सासूबाईंच्या झाल्या. कळ येताना कमरेच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून आत कसं दाबायचं, मधल्या वेळात घोटभर पाणी, तासा-दीड तासाने लघवीला नेणं, माझा जबडा घट्ट झाला की "श्वास लांब सोड" म्हणणं. डॉक्टरांनी काही सुचवलं तर घाई नसताना विचारायचे चार प्रश्न आईंनी पाठ केले. फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय आहे का, थोडं थांबलं तर काय होईल. त्या मध्येच म्हणाल्या, "आमच्या वेळी फक्त ओरडू नको एवढंच सांगायचे गं."

हो, एक सांगायचं राहिलं. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता लगेच निघायचं, हे ताईंनी फ्रिजवर लिहून लावलं होतं. बाळाला पहिल्या तासात छातीशी घ्यायचं आणि चीक पाजायचा, हेही त्याच कागदावर होतं.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मिस्टर सातपूरला रात्रपाळीला. ताई दहा वाजताच घरी आल्या. दोनला हॉस्पिटलला पोचलो तर रात्रीच्या सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला असं काही सांगितलेलं नाही." मी कळ जाऊ दिली आणि मोबाइलमधला शिक्क्याचा फोटो पुढे केला. आई आत आल्या. नऊ तास त्यांनी माझी कंबर सोडली नाही. ताई बाहेर लोखंडी खुर्चीवर सकाळपर्यंत बसून होत्या, आणि ते मला आजही सहन होत नाही. मुलगी झाली, नॉर्मल. अर्ध्या तासात ती छातीशी होती. हे मी अभिमानाने सांगते, आईंच्या वतीनेही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी तो अर्ज झेरॉक्स काढायला घेऊन गेल्या. त्यांना आठवा लागलाय. स्वतःचा अर्ज लिहून मला दाखवायला आणला, तेव्हा तारीख टाकायची राहिली होती. ती मी तिथल्या तिथे टाकायला लावली.