नकाशावरचा लाल पट्टा

आज पहाटे नळाला जेमतेम वीस मिनिटं पाणी आलं. शेवटची बादली भरताना धार करंगळीएवढी झाली, मग नळातून नुसती हवा फुसफुसली. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसला होता.

दुपारी समुद्राच्या तापमानाचा 2023 च्या अखेरचा नकाशा उघडून बसलो. पेरूच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे विषुववृत्तावर पसरलेला लालभडक पट्टा. एल निनो. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे मंदावले की पश्चिम प्रशांत महासागरात साठलेलं उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं आणि पावसाचे ढगही त्याच्यामागे जातात. मध्य प्रशांतचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापून काही महिने तसंच राहिलं, तरी एल निनो धरतात. अर्धा अंश! हात बुडवला तर कळणारही नाही.

पण कमी पावसाचं सगळं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. 1997 चा एल निनो जबरदस्त होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. तेव्हा हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा तापली होती, तिने बरंच सावरून घेतलं असं मानतात.

2023 च्या त्या एल निनोनंतर कोलंबियाच्या बोगोटा शहराने एप्रिल 2024 मध्ये पाण्याच्या पाळ्या लावल्या, त्या वर्षभर चालल्या. समुद्र तर त्याआधी कित्येक महिने तापलेला दिसत होता. तेवढा वेळ हाताशी असूनही शहरं धरणाचा तळ दिसेपर्यंत थांबतात, याचा मला फार त्रास होतो.

संध्याकाळी शेजारच्या आजींच्या दोन बादल्या वर नेऊन ठेवल्या. "पाऊस कधी रे?" त्यांनी विचारलं. मोबाईलवरचा नकाशा दाखवला, तर चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसल्या.