विकायला गेलो एसी, लावून आलो पुठ्ठा

फोंड्यात आमचं दुकान सुरू झालं ते फ्रीज-एसी दुरुस्तीचं. मार्च लागला की किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे फोन सुरू. खारा वारा हा तर आमचा बिनपगारी भागीदार; आउटडोअर युनिटच्या पत्र्या त्याने खाल्ल्या की आमच्या हाताला काम. सर्व्हर रूम, म्हणजे कंपनीचे मोठे कॉम्प्युटर (सर्व्हर) ठेवायची खोली; तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तिथे एसी चोवीस तास चालतो, म्हणून वर्षाचा करार बरा मिळतो.

मग वेर्ण्याच्या वसाहतीतून एका कंपनीचा फोन आला. चार रॅक (सर्व्हर एकावर एक बसवायची खणांची उंच कपाटं), दीड टनाचे तीन एसी, तिन्ही १६ वर लावलेले, तरी वरचे सर्व्हर तापल्याचा अलार्म वाजायचा. त्यांना चौथा एसी हवा होता. मी कोटेशन खिशात घालूनच गेलो. रॅकच्या समोर खाली हात धरला तर बोटं गारठली. डोक्याच्या उंचीला मात्र चुलीसमोर उभं राहिल्यासारखं. थर्मामीटर लावला: खाली १७, वर ३१. आमचा पोरगा रॅकमधल्या रिकाम्या खणांतून पलीकडे डोकावत म्हणाला, "पात्राव, इथं तर सगळ्या खिडक्या उघड्याच आहेत."

बरोबर बोलला. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागून गरम फेकतो. ती गरम हवा त्या खणांतून, रॅकच्या माथ्यावरून पुन्हा समोर येत होती. यूपीएसच्या बॅटरीचा खोका पडला होता, तो फाडून पुठ्ठ्याने खण बुजवले, वर चिकटपट्टी. पाऊण तासात वर २५. एक एसी बंद करून पाहिला, २६ वर थांबला. सर्व्हरच्या तोंडाशी २७ पर्यंत चालतं, असं अ‍ॅशरे ही जाणकारांची संस्थाच सांगते. मग १६ कशाला? तो बंद केलेला एसी तासाला दीड युनिट जरी खात असेल, तरी वर्षाला तेरा हजार युनिटं झाली.

कोटेशन खिशातच घेऊन परतलो. हिशेब बायको बघते. "काय विकून आलात?" "पुठ्ठा." त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. (पुठ्ठा सर्व्हर रूममध्ये ठेवू नये, आग लागायची भीती. आठवड्यात प्लास्टिकची पॅनेलं बसवली.)

तिथून आम्ही मोजण्याचे पैसे घ्यायला लागलो. एक क्लॅम्प मीटर मुख्य लाइनीला, एक यूपीएसच्या पुढे. खोलीची एकूण वीज भागिले कॉम्प्युटरांपर्यंत पोचलेली वीज, हा पीयूई. ग्रीन ग्रिड या संस्थेने २००७ मध्ये रूढ केला. आकडा २ आला की समजावं, जेवढं काम तेवढाच वरखर्च. गिऱ्हाइकाला हे तेव्हाच पटतं, जेव्हा समोर बिल ठेवतो. पंख्याचं गणित तर मला स्वतःलाच पटत नव्हतं: वेग ८० टक्के केला की वीज जवळजवळ निम्मी. क्लॅम्प लावून पाहिलं तेव्हा गप्प बसलो.

एकदा तोंडावर आपटलोही. पणजीत एका ठिकाणी गरम गल्ली, म्हणजे रॅकच्या मागची गरम हवेची वाट, पडदे लावून बंदिस्त केली, शनिवारी संध्याकाळी खुशीत घरी आलो. रविवारी रात्री अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क बसलं. एक स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं नेटवर्कचं यंत्र, केबलींच्या सोयीसाठी उलटा बसवलेला होता. त्याचं हवा ओढायचं नाक गरम गल्लीत. पूर्वी तिथे ३३-३४ असायचं, पडद्यांनंतर ४२ झालं. चूक आमचीच, दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. आता कामाआधी प्रत्येक यंत्राच्या पुढे टिश्यू पेपरची पट्टी धरून हवा कुठून कुठे जाते ते बघतो. पोरं हसतात.

बाहेरची हवा आत घेऊन एसी वाचवा, असं थंड मुलखातले लोक सांगतात. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते. ती हवा सर्व्हरला कोण पाजणार?

काही खोल्यांत तर कोणी वापरतच नाही असे सर्व्हर सापडतात. रिकामा बसलेलाही वीज खातो, वर त्याची उष्णता आम्ही एसीने बाहेर काढतो. पण बंद करायची सही द्यायला कोणी तयार नसतं.

आज आम्ही सातजण आहोत. सर्व्हर रूमच्या कामाने नाव झालं, हे खरं. दुकानाचं भाडं अजून हॉटेलांचे एसीच भरतात.