तारण, जामीन आणि दादांची सही

सोने तारण कर्जाच्या टेबलावर बसून मला अकरा वर्षं झाली. दागिने तोलायचे, तारण पावती करायची, मुदत संपली की नोटीस काढायची. दिवसभरात ‘तारण’ हा शब्द शंभरदा तरी तोंडातून जातो. आणि रविवारी जालन्याच्या आमच्या चर्चमध्ये तोच शब्द मी डोळे मिटून म्हणते. तारण म्हणजे गहाण आणि तारण म्हणजे उद्धार, हे दोन अर्थ आपल्या भाषेत एकाच शब्दात कसे राहतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. परवा एका सहकाऱ्याने तो करायला लावला.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची, येशू वधस्तंभावर मेला त्या दिवसाची, सुट्टी होती. चहा पिताना तो म्हणाला, “ताई, एक इचारू का? राग नका मानू. आमच्या गावात मरीआईला बोकड कापलं तर शिकलेले लोक नावं ठेवतात. मंग तुमच्या देवानं सोताच्या पोराचाच बळी कामून घेतला?”

मला राग आला नाही. लहानपणी मीही दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हेच विचारलं होतं.

बोकडाची गोष्ट तर आमच्याही शास्त्रात आहे. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणतात, चिठ्ठ्या टाकतात. एक कापला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक हात ठेवतो, सगळ्या लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. पुढे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात 53व्या अध्यायात बकऱ्याच्या जागी माणूस येतो, ‘तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला’. दरवर्षी गुड फ्रायडेला बारा ते तीनच्या उपासनेत हे वाचन होतं. बाहेर एप्रिलचं ऊन, पंखे नुसती गरम हवा फिरवत असतात, आणि येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून समोर येतात. ‘मला तहान लागली आहे’ या उद्गाराला आमच्याकडे जितका अर्थ आहे तितका कुठल्या थंड मुलखात असेल असं मला वाटत नाही. टँकरची वाट बघितलेली माणसं त्या बाकांवर बसलेली असतात.

पण बळी घेतला कुणी, हा प्रश्न उरतोच. मार्कच्या शुभवर्तमानात 10व्या अध्यायात येशू म्हणतो की मी पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. आज आमच्या भागात खंडणी म्हटलं की पेपरातली गुन्ह्याची बातमी आठवते. मग ही खंडणी मागितली कुणी? चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने हेच विचारलं होतं. सैतानाला दिली म्हणावं तर लुटारूला एवढा मान कशाला? आणि पित्याला, म्हणजे देवाला दिली म्हणावं, तर अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं तेव्हा ज्याने तो घेतला नाही, तो स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने संतुष्ट कसा होईल? पुढे 1098 च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी पापाचा हिशेब ऋणासारखा मांडला: देणं माणसाचं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या मला हे चटकन समजतं. तरी त्यात देव सावकारासारखा खुर्चीत बसलेला दिसतो, आणि तिथे माझं मन अडतं.

माझी अडचण सुटली ती दादांमुळे.

दादा अंबड तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक होते. गावात पगारदार माणूस एकटा असला की प्रत्येक कर्जाच्या फॉर्मवर जामीनदार म्हणून त्याचीच सही लागते. शेजारच्या काकांनी मोसंबीच्या बागेसाठी, विहीर खोल करायला आणि पाइपलाइनला एका पतसंस्थेचं कर्ज काढलं. सहीला ते दादांकडे आले. माय आतून म्हणाली, “नीतिसूत्रं रोज वाचता ना? परक्याला जामीन राहू नको असं लिहिलंय त्यात.” खरंच लिहिलंय, बायबलमधल्या त्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात आहे आणि 22व्यातही. दादा तिला म्हणाले, “उत्पत्तीत यहूदा बापाला काय म्हणतो? धाकट्या भावाला, बन्यामीनाला, मी जामीन. आणि वेळ आली तेव्हा त्याच्या जागी गुलाम व्हायला तो स्वतः उभा राहिला.” मग निळ्या शाईने त्यांनी सही केली. ‘जामीनदार’ छापलेल्या रेघेच्या थोडी वर, शाळेच्या दाखल्यांवर करायचे तशीच ठसठशीत.

2012 च्या दुष्काळात बाग वाळली. आधी पानं गळली, मग फांद्या काळ्या पडल्या, शेवटी काकांनी झाडं तोडून सरपण केलं. हप्ते थकले. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुलीचा दाखला घेतला. काकांकडे वसूल करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कपात दादांच्या पगारातून सुरू झाली. महिन्याला साडेचार हजार, चार वर्षं चार महिने. माझं डीएडचं शेवटचं वर्ष त्यात राहून गेलं. मला दादांचा राग यायचा, हे लपवत नाही.

काका आमच्या घरावरून जायचं टाळायचे. मारुतीच्या पाराला वळसा घालून शेतात जायचे. दादाच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. हप्त्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

2017 मध्ये शेवटची कपात झाली. मी दादांना स्कूटीवर घेऊन गेले आणि आम्ही बेबाकी दाखला आणला. घरी न थांबता ते सरळ काकांकडे गेले. काकांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून त्यांच्या नातीने वाचला. कर्जदाराचं नाव, खाते क्रमांक, आणि सदर खात्यावर कोणतीही बाकी नाही. खाली शिक्का.

काकांनी कागद उलटून पाहिला. “गुर्जी, यात तुमचं नाव कुठंच न्हाई.”

“कर्ज तुमचं होतं. दाखला तुमच्याच नावाचा निघंल ना.”

इब्री लोकांस पत्रात 7व्या अध्यायात येशूला नव्या कराराचा ‘जामीन’ म्हटलंय. हे वचन मी शंभरदा ऐकलं असेल. त्या ओट्यावर मला ते पहिल्यांदा कळलं. दादांनी सही केली तेव्हाच ते काकांच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते, आणि पुढे कपात झाली ती त्या उभं राहण्याची किंमत होती. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे वधस्तंभावर देणं भरणारा तोच, ज्याला ते द्यायचं होतं. खुर्चीत बसून पोराकडून वसुली करणारा कुणी तिथे नाहीच. दादा तर दुसऱ्याच्या संस्थेला पैसे भरत होते, त्यामुळे उपमा इथे अपुरी पडते. पण मला देवापर्यंत पोचायला ही वाट पुरली.

सहकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं. त्याचा चहा गार झाला होता. तो म्हणाला, “आन काका? त्यांनी काय केलं मंग?”

काकांनी दाखला घडी करून पेटीत, सातबाऱ्याच्या खाली ठेवला. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते पुन्हा आमच्या दारावरून शेतात जाऊ लागले.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात दादा गेले. दफनाला गावाबाहेरच्या आमच्या जागेत खड्डा खणायचा होता. मंडळीतली पोरं पोचली तेव्हा काका उजाडायच्या आधीच येऊन कमरेएवढं खणून बसले होते. जमीन दगडासारखी झाली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्यांनी शेवटपर्यंत पहार कुणाच्या हातात दिली नाही.