किरकोळ खर्च

आमच्या मंडळाच्या वार्षिक अहवालात काकांचं नाव कुठेच सापडणार नाही. अध्यक्ष, खजिनदार, सल्लागार सगळे आहेत; सल्लागार तर ढिगाने. काका असायचे ते जमाखर्चाच्या पानावर, ‘देखावा – किरकोळ खर्च’ या ओळीत. पुठ्ठा, खळ, सायकलची चेन आणि भंगारवाल्याकडून आणलेली वायपरची मोटर.

नौपाड्यातली आमची चाळ तेव्हा दुमजली होती, गणपती मधल्या अंगणात बसायचा. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. पहिली पाळी सुटली की घरी येऊन चहा, आणि श्रावण लागला की चहाच्या कपाशेजारीच कानस आणि पक्कड. काकूंच्या सुपारीच्या डब्यात स्क्रू असत. काकू कुरकुरायच्या, पण कुठली वायर कुठे जोडायची हे त्यांना काकांइतकंच पाठ होतं. थोरली कातरकाम करायची, धाकटी रंगवायची. खरं तर देखावा हा त्या घराचाच उद्योग होता. बाकीची पोरं त्यात घुसली होती आणि काकांनी कुणाला हाकललं नव्हतं, एवढंच.

मोटर अगदी शेवटी. आधी सगळं हाताने फिरवून बघायचं, हा नियम. प्लायवुडची गोल चकती घ्यायची आणि भोक मधोमध न पाडता कडेला पाडायचं. दांडा फिरला की चकतीची कड वर-खाली होते, तिच्यावर टेकवलेली काठी उचलली जाते, आणि काठीच्या टोकाला हत्तीची सोंड. “भोक मधे पाडलं तर चाक, बाजूला पाडलं तर हत्ती,” काका सांगायचे. वायपरची मोटर थेट जोडली तर हत्ती माशा वारतोय असं दिसे. म्हणून मोटरीला लहान दातेरी चाक, दांड्याला सायकलच्या पायडलचं मोठं, मधे चेन. की सोंड कशी डुलत डुलत वर जाई.

२००३ साली रेल्वेला दीडशे वर्षं झाली, तेव्हा पहिल्या गाडीचा देखावा ठरला. ठाणेकरांना या गोष्टीचा अभिमान किती आणि माहिती किती, हे त्या पंधरवड्यात कळलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान, हे काकांनी सांगेपर्यंत कार्यकर्त्यांच्या गावीही नव्हतं. एका इंजिनात भागवा, असा सूर निघाला. काका बधले नाहीत. डबे चौदा होते म्हणजे चौदाच. अंगणात मावेनात तेव्हा त्यांनी डबे कापून आखूड केले, संख्या कमी केली नाही. खरी जुंपली ती बोगद्यावरून. पारसिकचा बोगदा दाखवला तर गाडी दिसेनाशी होऊन पुन्हा बाहेर येईल, लोकांना मजा वाटेल, असं सगळ्यांचं मत. काका म्हणाले, “अरे, बोगदा १९१६ चा. त्या दिवशी ठाण्याच्या पुढे रूळच नव्हते.” शेवटी गाडी वळवायला मागे आंब्याच्या झाडांचा पडदा रंगवला. धाकटीने त्या झाडांना एप्रिल म्हणून कैऱ्या काढल्या होत्या. काकांना इंजिनांपेक्षा त्या कैऱ्यांचं कौतुक जास्त. येईल त्याला आधी त्या दाखवायचे.

मंडळाच्या सभा रात्री नऊला सुरू व्हायच्या आणि वर्गणीच्या वादात बारा वाजायचे. काका साडेनवाला उठायचे. “घरी ताटं थांबलीत,” एवढंच बोलून चपला घालायचे. काहींना तो शिष्टपणा वाटे. मला विचाराल तर दहा दिवस मंडळाचं काम करून दहाही दिवस मुलींबरोबर जेवलेला तो एकच कार्यकर्ता. सत्यनारायणाच्या दिवशी बक्षीस समारंभ असे, तेव्हा हे मांडवामागे चेनला तेल देत बसलेले. महाप्रसादाच्या पंगतीत मात्र वाढायला पुढे. जिलबीचं ताट हातात असलं की लहान मुलांच्या पानात एक जास्तीची, आणि आयांनी डोळे वटारले की “मोजली नव्हती हो” म्हणून पुढे.

पुढे चाळ पाडली, टॉवर झाला. गणपती पार्किंगमध्ये आला, देखावा भाड्याने येऊ लागला. दिव्यांची झगमग चांगली असते, नाही म्हणत नाही; पण त्यात मुलांना हात लावू देत नाहीत. काका तरीही खाली येऊन खुर्चीवर बसायचे, आणि नातवाला त्या सेटमागची मोटर कुठे असेल ते शोधायला पाठवायचे.

काका गेल्या माघात गेले. काकूंनी चकत्यांची पेटी मंडळाला दिली आहे. प्रत्येक चकतीवर पेन्सिलीने लिहिलंय: सोंड, पंखा, मोराची मान, ढोलकीवाला डावा हात. यंदा भाड्याचा सेट आणायचा नाही असं ठरलं. धाकटी पुण्याहून चार दिवस आधी येतेय. हत्ती करायचा आहे, पुठ्ठ्याचा; थर्माकोल २०१८ पासून बंदच आहे. मोटर मिळाली. सायकलची जुनी चेन कुणाकडे पडून असेल तर वॉचमनकडे आणून द्या, गंजकी चालेल.