फळ्यावरचं एक नाव

महोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा मी ड्युटीवर होते. पाकिटावर शाळेचा शिक्का दिसला आणि ते उघडायचा धीर झाला नाही. राउंड उरकला, सकाळच्या पाळीच्या परिचारिकांचा हँडओव्हर, म्हणजे कामाची सोपवणूक, झाला, मग खोलीचं दार लावून वाचलं. स्मरणिकेसाठी शाळेविषयी काहीही लिहा, असं पत्रात म्हटलं आहे. मैदानाविषयी, स्नेहसंमेलनाविषयी, जुन्या इमारतीच्या जिन्याविषयी बाकीचे लिहितीलच. मला बाईंविषयी लिहायचं आहे. कुठल्या बाई, ते सांगायला नको. आमच्या वेळच्या मुलामुलींसाठी नुसतं 'बाई' म्हटलं की विज्ञानाच्या बाईच.

आज मी एका मोठ्या रुग्णालयाची मेट्रन आहे. शेकडो परिचारिकांचं काम माझ्या देखरेखीखाली चालतं. माणसं कशी सांभाळायची, याची प्रशिक्षणं मी घेतली आणि आता देतेही. पण त्यातलं जे खरोखर अंगी लागलं, ते आठवी ब च्या वर्गात एका दिवसाच्या अंतराने घडलेल्या दोन प्रसंगांतून.

मी वर्गप्रमुख होते. बाई कार्यालयात गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. त्या दिवशी एकच नाव लिहिलं होतं, खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीचं. तिचं नाव मी तेव्हा लिहिलं तेवढं पुरे, इथे पुन्हा लिहीत नाही. बाई आल्या, फळा पाहिला आणि तिला उभं करून खूप रागावल्या. ती काही बोलली नाही. खाली मान घालून नखाने बाकाची कड कोरत राहिली. तिच्या शेजारणीच्या नाकातून रक्त येत होतं आणि ती तिला रुमाल देऊन डोकं पुढे धर म्हणून सांगत होती, हे शाळा सुटल्यावर कळलं. बाईंनाही कोणीतरी सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि हजेरीचा कॅटलॉग उघडण्याआधीच टेबलाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. त्या मुलीचं नाव घेऊन म्हणाल्या, "काल माझं चुकलं. काय झालं ते विचारायच्या आधी मी तुला बोलले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते." एवढंच. मग हजेरी सुरू झाली. मोठी माणसं मुलांची माफी मागतात, हे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. आवाज चढवला म्हणून नव्हे, तर माफी मागितली म्हणून, त्या दिवसापासून बाईंचा शब्द आम्ही खाली पडू दिला नाही.

मला मात्र त्यांनी वर्गात एका शब्दाने दुखावलं नाही. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "नाव लिहिण्याआधी तिला विचारलं होतंस का?" मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या.

स्वतःची चूक चारचौघांत कबूल करायची आणि दुसऱ्याची चूक त्याला एकटं गाठून दाखवायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी पुढे विसरले. वॉर्डची इन्चार्ज झाले तेव्हा मी तरुण होते आणि कडक होते. चुकलेल्या मुलीला रुग्णांसमोर, नातेवाइकांसमोर झापायची. माझ्या वॉर्डातलं चुकांचं रजिस्टर महिनोन्महिने कोरं असायचं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एका सकाळी एका रुग्णाचं औषध मोजलं तर एक इंजेक्शन जास्त निघालं. रात्री दोनचा अँटिबायोटिकचा डोस राहून गेला होता आणि कागदावर मात्र दिल्याची सही होती. रुग्णाला काही झालं नाही, हे त्याचं आणि माझं नशीब. सही करणारी मुलगी रडत म्हणाली, "सिस्टर, राहून गेलं हे पहाटेच लक्षात आलं होतं. पण तुम्ही सगळ्यांसमोर बोलला असता." त्या क्षणी मला व्हरांडा आठवला. रजिस्टर कोरं होतं ते चुका होत नव्हत्या म्हणून नव्हे, मला कोणी काही सांगत नव्हतं म्हणून.

पुढे एका प्रशिक्षणात एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं काम वाचायला मिळालं. दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषध देताना होणाऱ्या चुका त्यांनी अभ्यासल्या. चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा. आकडे उलटे निघाले. जिथे प्रमुख चांगली आणि माणसं एकमेकांना धरून, तिथेच चुकांची नोंद जास्त. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या बोलून दाखवता येत होत्या. हा अभ्यास १९९६ सालचा. १९९९ मध्ये त्यांनी याच धाग्यावर मानसिक सुरक्षिततेविषयी, म्हणजे चूक न घाबरता बोलून दाखवता येण्याविषयी, लिहिलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी १९९८ मध्ये नेतृत्वासाठी लागणारे पाच गुण मांडले, त्यात आत्मभान पहिलं आणि त्यामागोमाग स्वतःवरचा ताबा. मी हे सगळं मुलींना शिकवते. शिकवताना डोळ्यांसमोर मात्र कॅटलॉग न उघडता टेबलापुढे उभ्या राहिलेल्या बाई असतात.

आता आमच्याकडे कोणाच्या हातून काही चुकलं तर ती माझ्या खोलीत येते, दार लावते आणि सांगते. माझं चुकलं तर मी सकाळच्या हँडओव्हरला, सगळ्या असताना सांगते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ जड झाली होती. दुसऱ्या आठवड्यात रजिस्टरमध्ये तीन नोंदी आल्या आणि मला आनंद झाला.

शाळेत आता वर्गावर्गांत कॅमेरे बसले आहेत, असं ऐकलं. सोय असेल, पण मला वाईट वाटलं. कोण बोललं ते कॅमेऱ्यात दिसेल, कशासाठी बोललं ते कोणीतरी जवळ जाऊन विचारावंच लागेल. बाई आज असत्या तर त्यांनी नक्की विचारलं असतं.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. मी मात्र कधीच मागितली नाही. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, निरोप समारंभात शेजारी बसलो, तरी विषय काढायचा धीर झाला नाही. खिडकीजवळच्या बाकावरच्या माझ्या मैत्रिणी, ही स्मरणिका तुझ्याही घरी येईल. त्या दिवशी तू बोलत नव्हतीस, मदत करत होतीस, आणि मी न विचारता तुझं नाव लिहिलं. माझं चुकलं. फळ्यावर सगळ्यांसमोर लिहिलं होतं, म्हणून हेही सगळ्यांसमोर लिहिते आहे.