फळीवरचा उतार: अखेर व्हुम्फ झाला

हिमस्खलन कसं सुटतं ते दाखवायला मी घरी फळीवर बर्फाच्या उताराची प्रतिकृती करतोय. तिच्यात व्हुम्फ, म्हणजे बर्फाखालचा कच्चा थर 'धप्प' करून खचणं, काल रात्री जेवणं झाल्यावर जमलं. फळीच्या सपाट टोकावर बोट दाबलं, आत उभे केलेले खेळायचे पत्ते एकामागून एक बसत गेले, ते बसणं चढाकडे सरकलं आणि वरची फोमशीट अख्खी घसरून खाली आली. बोट मात्र सपाटीवरच होतं. गुलमर्गला येणाऱ्या मंडळींना मला नेमकं हेच दाखवायचं होतं.

नुसती घसरण मागच्या नोंदीतच जमली होती: खाली गोणपाट, त्यावर तांदळाच्या कण्या, वर चाळलेला मैदा. फळी पस्तीस अंशांच्या आसपास आली की मैदा आडवा तडकतो आणि सुटतो. साखरेचा नाद सोडा, गोव्याच्या हवेत डिसेंबरातही तिचे खडे होतात. कण्या कोनेदार असतात, मोकळ्या राहतात. त्या गिरणीतूनच आणा. पाकिटातल्या फार बारीक निघतात. चाळण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली, पत्र्याची. नायलॉनच्या जाळीत मैदा अडकून बसतो.

पण व्हुम्फ ही नुसती घसरण नव्हे. त्यात आधी थर खचतो. कमी बर्फ आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री असल्या की जमिनीलगतचं तापमान शून्याच्या जवळ राहतं, वरचं खूप उतरतं. दर १० सेंमीला एक अंशाहून जास्त फरक पडला की दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत, डेप्थ होअर, म्हणजे तळाशी मोकळ्या, कच्च्या बर्फकणांचा थर, तयार होतो. मग पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून हिमवृष्टी घेऊन येणारी हवामान प्रणाली) येऊन त्यावर जड स्लॅब, म्हणजे बर्फाचा एकसंध थर, टाकतो. आपलं वजन पडलं की खालचा थर मोडतो आणि ते मोडणं बाजूला पळत सुटतं. कण्या खचतच नाहीत, तिथेच घोडं अडलं होतं.

कुरमुरे घातले, सादळले. बारीक शेव सुरुवातीला झकास मोडली, पण मैदा चाळून होईपर्यंत तीही मऊ. (आईच्या मते शेवेचा याहून चांगला उपयोग करता येतो.) थर्माकोलचे मणी दाबले की परत फुगतात. कागदी घड्यांनी दमट हवेत माना टाकल्या. शेवटी प्लास्टिकचे पत्ते अर्धे कापले, किंचित वाकवले आणि कण्यांच्या थरात रोवून उभे केले.

तरीही अर्धंच काम झालं. वर प्लायचा तुकडा ठेवला तर सगळे पत्ते एकदम पडत. रुमाल पसरला तर बोटाखाली नुसता खड्डा. तीन मिलीमीटरची फोमशीट वाकते, पण वाकताना पुढच्या पत्त्यावर भार टाकते, म्हणून खचणं पुढे जातं. खऱ्या बर्फातही भुसभुशीत ताज्या हिमात तडा फार लांब जात नाही. त्याला एकसंध स्लॅब लागतो. स्कीच्या टोकापासून तडे पळाले तर स्लॅबही आहे आणि खालचा थरही कच्चा आहे, हे दोन्ही तिथेच कळतं.

म्हणून सपाटीवर व्हुम्फ ऐकू आला तर 'इथे काय, सपाटच आहे' म्हणायचं नाही. वरचा उतार ३० अंशांपेक्षा तीव्र असेल तर त्याच्या पायथ्याशीही थांबायचं नाही. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन-बुलेटिन रोज बघूच, पण ते जिल्ह्यासाठी असतं, समोरच्या घळीसाठी नव्हे. समोर ताजं हिमस्खलन दिसलं तर त्याच दिशेच्या आणि उंचीच्या इतर उतारांवर आधी संशय घ्यायचा.

पुढचा बेत ईसीटीचा (बर्फाचा स्तंभ ठोकून तडा पसरतो का ते बघायची चाचणी), ९० बाय ३० सेंमीचा स्तंभ खोक्यात उभारून मनगट, कोपर, खांदा असे दहा-दहा ठोके द्यायचा होता. तो मागे टाकतोय. लिहिता लिहिता सुचलं: फळीच्या माथ्याला कड लावून टेबलफॅन सोडला तर मैदा पलीकडच्या बाजूला साचेल. वाऱ्याने भरलेला उतार फोटोतून पटत नाही. बर्फ पडायचा थांबला तरी वारा काही तासांत आडोशाच्या बाजूला स्लॅब रचू शकतो. पंखा हवा, मैदा आणि जुनी चादरही. घरात करायचं की गच्चीवर, ते आई ठरवेल.

त्याआधी रविवारी डिचोली. खाणीचे ढीग रस्त्यावरूनच बघायचे, आत शिरायचं नाही. सुट्या मातीचा ढीग साधारण तिशीच्या पुढच्या कोनावर स्थिरावतो आणि स्लॅब बहुतेक ३० ते ४५ अंशांतच सुटतात, म्हणजे डोळ्यांना सरावासाठी बरोबर पट्टा. ढीग बाजूने बघा. समोरून उतार उभाच वाटतो. आधी अंदाज लिहायचा, मग फोनने मोजायचं.

कोन मोजायला १२० सेंमी लांबीवर अडकवता येणारे दोन पोल आणि रंगीत टेप आणा. एका पोलवर टोकापासून ६९, ८४ आणि १०१ सेंमीवर खुणा करायच्या. तो उतारावर ओळंब्यात धरा, दुसरा त्याला लावून चढाकडे आडवा धरा. आडव्याचं टोक उताराला टेकलं की खुणेवर अनुक्रमे ३०, ३५ किंवा ४० अंश. हा सराव रस्त्याकडेच्या बांधावर होईल. बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) घेऊन येणाऱ्यांनी शोधताना फोन त्याच्यापासून निदान ५० सेंमी लांब ठेवायची सवय आताच लावावी.