एकादशीला उतरलेली साखर

बेळगाव जिल्ह्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या रस्त्याला लागलं, की पावसाळ्यात मोबाईलची रेंज कधी जाईल याचा नेम नसतो. त्याच वाटेवरच्या एका गावात मागच्या पावसाळ्यात मी एका आजोबांकडे नर्स म्हणून दिवसाच्या ड्युटीला जात होते. वय चौऱ्याहत्तर, शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ. पाय चालत होते तोवर पंढरीची वारी चुकवली नव्हती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही बिघडलं. बेळगावच्या दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब, लघवीची नळी आणि पिशवी, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि माकडहाडावर कातडी फाटलेली एक लाल जखम, एवढं सगळं त्यांच्याबरोबर घरात आलं. घरी आजी, सून आणि कॉलेजला जाणारा नातू. मुलगा गोव्यात ड्रायव्हर, चोर्ला घाटातून पंधरा दिवसांनी एकदा यायचा.

डिस्चार्जचा कागद इंग्रजीत. आरोग्य केंद्रातून मिळालेलं पत्रक कन्नडमध्ये. घरात मराठी. पहिल्याच दिवशी मी नातवाची एक दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: वेळ, साखर, इन्सुलिन, नळीतून काय आणि किती दिलं, लघवी किती, कूस कुठली. जो देईल त्यानंच लिहायचं, असं ठरलं. ही वही मी प्रत्येक घरी करते. रात्री मी नसते, आणि रात्री काय झालं हे सकाळी कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा लिहिलेलं वाचावं.

पहिले काही दिवस त्या जखमेवर गेले. दवाखान्यातून आणलेल्या हवेच्या गादीला वीज लागते आणि त्या पट्ट्यात मृगाचा पाऊस सुरू झाला की लाईट जातेच. म्हणून दर दोन तासांनी हातानं कूस बदलायची, हे सगळ्यांना शिकवलं. ओढायचं नाही. खाली चादर घालून दोघांनी उचलून सरकवायचं, नाहीतर घासून कातडी आणखी जाते. आजी लाल झालेल्या जागी खोबरेल तेल चोळायच्या. मायेनंच चोळायच्या, पण आधीच रक्त कमी पोचणाऱ्या त्या जागेला चोळण्यानं इजा होते. तेल बंद केलं. बसायला आणलेलं रबरी कडंही काढलं, कारण मधली जागा मोकळी राहिली तरी कडेनं दाब पडतो आणि रक्त अडतं. आजींच्या जुन्या लुगड्याची घडी पोटऱ्यांखाली अशी ठेवली की टाचा गादीला टेकूच नयेत. टाचेची जखम भरायला फार दिवस घेते. मधुमेह्याची तर विचारूच नका.

आता त्या दिवसाचं सांगते.

आषाढी एकादशी होती. रात्रभर पाऊस कोसळत होता. बेळगावहून निघालेली आमची बस रस्त्यावर पडलेल्या झाडामुळं वाटेत अडकली. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसला तिकीट पडत नाही. आधार दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं. इतक्या आडगावात रोज जाणं मला आणि त्या घरालाही परवडतंय ते त्यामुळंच. पण झाड पडलं की बस बसच असते. रोज आठला पोचणारी मी, घरात पाऊल टाकलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

सोप्यात माणसं जमली होती. शेजारपाजारच्या बायका, भजनी मंडळातले दोघं-तिघं. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सून दारातच म्हणाली, "सिस्टर, सकाळपासनं उठेनात. हाक मारली तरी डोळं उघडेनात." एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, दुसरा झटका आला. दुसऱ्यानं म्हटलं, आषाढीला बोलावणं आलं, पुण्यवान माणूस. कोपऱ्यात हरिपाठ सुरू झाला होता. आजी उशाशी बसल्या होत्या आणि शेजारची एक बाई तुळशीपत्र बुडवलेलं पाणी चमच्यात घेऊन त्यांच्या तोंडाकडे नेत होती.

मी तिचा हात धरला. "मावशी, थांबा. तोंडात थेंबसुद्धा घालू नका. गिळता येत नाही त्यांना, पाणी फुप्फुसात जाईल." ती दचकली, पण थांबली. तुळशीपत्र मी आजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे तुमच्याजवळ ठेवा, मला जरा जागा द्या.

पाठीखाली हात घातला तर बंडी चिंब ओली. बाहेर गारठा, घरातले सगळे शाली पांघरून बसलेले आणि आजोबांच्या पाठीवरून घाम निथळत होता. कपाळ थंडगार, चिकट. नाडी जोरात पळत होती. श्वास चालू होता, घरघर नव्हती. छातीवर चोळल्यावर डावा हात थोडा हलला, डोळे उघडले नाहीत. भिंतीला अडकवलेली वही ओढली. नातवाच्या अक्षरात सात वाजता साखर 148, पुढं इन्सुलिनवर बरोबरची खूण. साडेसातचा नळीतून देण्याचा रकाना कोरा. दहाचाही कोरा.

मग पुढचं सगळं सरळ दिसलं. त्यांचं इन्सुलिन दोन प्रकार मिसळलेलं होतं. एक भाग लगेच काम करतो, दुसरा दुपारपर्यंत आणि त्याही पुढं करत राहतो. पोटात काही गेलं नाही तरी इंजेक्शन थांबत नाही, रक्तात असेल ती साखर ते खाली ओढतच राहतं.

नातवाला म्हटलं, धावत देवळाच्या कट्ट्यावर जा, तिथं रेंज येते, आधी 108 ला फोन कर, मग डॉक्टरांना. तो गेला. मी साखर बघायचं मशीन काढलं. बोट टोचणार तेवढ्यात दिसलं की डाव्या हाताला पंचामृत लागलंय. कोणीतरी प्रसाद म्हणून तळहातावर ठेवलं होतं. बोटाला मध-साखर असेल तर मशीन खोटा जास्त आकडा दाखवतं आणि धोका असूनही सगळं ठीक वाटतं. ओल्या कापडानं बोट पुसलं, कोरडं केलं, पहिला थेंब टिपून टाकला, दुसरा पट्टीला लावला.

39.

सत्तरच्या खाली गेली की कमी समजतो आम्ही. एकोणचाळीसला मेंदू उपाशी असतो. तेव्हा माणूस हुबेहूब झटका आल्यासारखा दिसतो, आधीचा झटका असेल तर आणखीच. म्हणून अर्धांगाचा पेशंट अचानक सुस्त झाला की दुसरं काहीही ठरवण्याआधी साखर बघायची, हे आम्हाला शिकतानाच पाठ करून घेतात.

उशीकडचा भाग गाद्या घालून उंच केला. नळीवरची खूण नाकाशी होती तिथंच आहे का पाहिलं, सिरिंजनं ओढून पोटातला रस आला याची खात्री केली. तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर कोमट पाण्यात विरघळवली आणि नळीतून हळूहळू सोडली, मागून साधं पाणी. सिरिंज वर धरून, आपल्या वजनानं जाईल तसं. कितीही घाई असली तरी दट्ट्या दाबायचा नाही, उलटी झाली तर तीच फुप्फुसात जाणार.

पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. हरिपाठ थांबला होता. पुन्हा बोट टोचलं, 61. पुन्हा तेवढंच ग्लुकोज. तिसऱ्यांदा 97 आली त्याआधीच आजोबांनी डोळे उघडले होते. आधी छताकडे, मग आजींकडे. डावा हात उचलून त्यांनी आजींचा पदर धरला. मघाशी बोलावणं आलं म्हणणारे गृहस्थ डोळे पुसत बाहेर गेले.

खानापूरकडून ॲम्ब्युलन्स आली तोवर मी आणखी एकदा साखर बघितली होती आणि दुधाचा पहिला हप्ताही नळीतून दिला होता. नुसत्या ग्लुकोजची साखर पटकन चढते तशी उतरते, मागून टिकणारं अन्न जावं लागतं. कर्मचाऱ्यांनी रक्तदाब, ऑक्सिजन सगळं तपासलं. फोनवर डॉक्टरांशी बोलणं झालं. हात-पाय, चेहरा आधी होते तसेच आहेत, नवं काही नाही. मी रात्रभर थांबणार असेन आणि तासातासाला साखर बघणार असेन तर घरीच ठेवा, संध्याकाळचं इन्सुलिन देऊ नका, साखर पुन्हा खाली गेली तर लगेच घेऊन या, असं ते म्हणाले. मी थांबले. दुपारी तीनला पुन्हा 68 झाली. इन्सुलिनचा तो दुसरा भाग अजून काम करत होता. माणूस जागा झाला म्हणून मी घरी निघून गेले असते तर ती 68 कोणी पाहिली असती?

जेवणं झाल्यावर आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी साडेसातला नळीतून तुळशीचं पाणी तेवढं दिलं होतं. "इतकी वर्सं एकादस मोडली न्हाई त्येंनी," म्हणाल्या, "आता बोलता येत न्हाई म्हणून मी मोडू होय गे?" नातू इंजेक्शन देऊन दिंडीच्या तयारीला गेला होता. पुढचं आजी देतीलच, असं त्याला वाटलं. सून गोठ्यात. यात रागवण्यासारखं मला कोणी दिसलं नाही. बाईनं नवऱ्याचं व्रत राखलं होतं.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की बोलता येणारा माणूस 'घाबरं होतंय, अंग थरथरतंय' म्हणतो आणि आपण गुळाचा खडा देतो. आजोबांना ते म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं आपल्याला घामावरून, नाडीवरून, वहीवरून ओळखावं लागणार. मग आम्ही दोघींनी एकादशीचं खाणं ठरवलं: वरीची पातळ पेज, राजगिऱ्याची पेज, दूध, ताक. सगळं बारीक गाळणीतून दोनदा गाळून, कारण एक कण अडकला तरी नळी तुंबते. वेळा रोजच्या त्याच, माप रोजचंच. आजींना ते इतकं पटलं की त्यांनी लगेच विचारलं, संकष्टीला काय? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून तेही वहीत लिहिलं. इन्सुलिनच्या रकान्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं: अन्न तयार करून जवळ ठेवल्याशिवाय इंजेक्शन भरायचं नाही. उलटी, उपास, नळी निघाली, काहीही असो, आधी फोन.

मुलगा दोन दिवसांनी गोव्याहून आला. सरळ माणूस. म्हणाला, "सिस्टर, आधी एका ब्युरोमधनं बाई ठेवली होती, नर्स म्हणूनच पाठवली होती. तिला हे कळलं असतं काय?" मी त्या पोरीबद्दल वाईट बोलणार नाही. अंग पुसणं, कपडे बदलणं, सोबत बसणं ही कामं ती मनापासून करत होती, आणि ती कामं हलकी नाहीत. पण तिला कोणी शिकवलंच नव्हतं आणि तरी तिच्या हातात इन्सुलिनची सिरिंज दिली होती. यात दोष पाठवणाऱ्याचा. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, तीन वर्षं लागतात, बीएस्सी नर्सिंगला चार, आणि त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. घरी नर्स ठेवताना तो नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. खऱ्या नर्सला त्याचा राग येत नाही. आणि काळजीवाहू बाईच हवी असेल तर तसं स्पष्ट ठरवा. मग नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग यासाठी आठवड्यातून ठरावीक वेळा नर्स येऊ दे. दिवसभराची नर्स महिनोन्महिने परवडणारी घरं आमच्या भागात किती आहेत? ऊस आणि भाताच्या पैशावर चालणाऱ्या घराला ते ओझंच होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याची गरजही नसते.

त्या घरी तसंच झालं. दिवसाची ड्युटी मी हळूहळू कमी केली. कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, पिशवी कमरेच्या खालीच ठेवणं आणि नळीला हात लावण्याआधी साबणानं हात धुणं, हे सून माझ्याइतकंच नीट करू लागली. माकडहाडाची जखम गणपतीपर्यंत भरली. लघवीची नळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं काढली. जितके दिवस ती आत राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तिचा विषय मी दर भेटीला काढत होते. गिळण्याची तपासणी बेळगावात झाली, आणि दसऱ्याच्या सुमारास आजोबांनी घट्ट नाचणीची पेज चमच्यानं, मान थोडी खाली धरून, स्वतःच्या तोंडानं खाल्ली. आता मी महिन्यातून एकदा टाचा आणि वही बघायला जाते.

त्याच गावातून परवा दुसरा फोन आला. आजीच्याच भावकीतली एक बाई, मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन होऊन घरी येतेय. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पाठवायला सांगितलाय. रात्री तिच्याजवळ कोण झोपणार तेही विचारलंय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी दिलं, ते तेवढं दवाखान्यातूनच लिहून आणा म्हटलंय.